फुली तिथे सही

आमच्या सोसायटीत गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस सगळ्यांत शेवटी सुरेखाताईंकडे जातो. त्यांचं दार पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे खरं तर पहिला नंबर त्यांचाच. पण त्याला अनुभव आहे. सिलिंडर आत ठेवून त्याने पावती पुढे केली, की सुरेखाताई चष्मा शोधतात, तो नाकावर चढवतात आणि म्हणतात, "थांबा, वाचत्ये."

मग त्या पावती वाचतात. पुढून वाचतात, उलटून मागून वाचतात. मागे फिक्या अक्षरांत ज्या सूचना असतात, ज्या छापणाऱ्यानेही वाचल्या नसतील, त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. त्यांतल्या एका सूचनेत लिहिलंय, की गळती नसल्याची खात्री ग्राहकाला करून द्यावी. "द्या करून," सुरेखाताई म्हणतात. तो बिचारा देतो. त्यानंतर सही. तीही आपली नुसती वळवळ नाही, तर सुरेखा धोंडू चोगले अशी सगळी अक्षरं, काना-मात्रेसकट. तोवर खाली रिक्षाटेम्पोचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमलेला असतो.

माझी छत्तीस वर्षं पोस्टात गेली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अर्ध्या माणसांच्या सह्या माझ्या डोळ्यांदेखत झाल्यात म्हणा ना. इतक्या वर्षांत लोकांनी मला एकच प्रश्न विचारला, "सही कुठे करू?" काय लिहिलंय असं कोणी विचारलं नाही. त्यामुळे ही बाई जेव्हा प्रथम राहायला आली, तेव्हा मला वाटलं हिचा एक स्क्रू ढिला असावा. माझी बायको मालती म्हणाली, "ढिला नाही, जरा जास्तच घट्ट बसलाय."

डॉक्टरांनी त्यांना गोळ्या लिहून दिल्या, तर दुसऱ्या दिवशी त्या गोळ्यांच्या खोक्यातला घडीघडीचा कागद घेऊन दवाखान्यात हजर. "यात लिहिलंय क्वचित चक्कर येते. क्वचित म्हणजे साधारण कुठल्या वारी?" लग्नाची पत्रिका आली, तर कुलदेवतेपासून खाली छापखान्याच्या नावापर्यंत वाचायची. एकदा बाजारात आंब्याची पेटी उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा आंबे नाही बघितले, आतला वर्तमानपत्राचा कागद सरळ करून वाचला. आंबेवाला म्हणाला, "ताई, फळ बघा, फळ." सुरेखाताई म्हणाल्या, "फळ कुठे पळतंय? बातमी अर्धी फाटलीय, उरलेली दुसऱ्या पेटीत असेल ती दाखवा."

मला मात्र त्यांनी कायमचं शहाणं केलं ते सोसायटीच्या वार्षिक सभेत. मी सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्याकडे सभेची ठरलेली रीत आहे. मी म्हणतो, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." सगळे म्हणतात, "वाचलं, कायम!" मग वडे येतात. त्या वर्षी सगळे "वाचलं" म्हणाले आणि मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "थांबा, वाचत्ये."

त्यांनी वही घेतली आणि उभ्याने, मोठ्याने वाचायला लागल्या. त्या इतिवृत्ताप्रमाणे मी मागच्या सभेला हजर होतो, चर्चेत भाग घेतला होता आणि शेवटी आभारप्रदर्शनही मीच केलं होतं. प्रत्यक्षात त्या दिवशी मी केळशीला मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात मठ्ठा वाढत होतो. खरी गोष्ट अशी, की मी आदल्या वर्षाचंच इतिवृत्त नवी तारीख घालून उतरवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही तसंच केलं होतं.

"भाऊ," चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "आभार काय केळशीहून मानलेत?"

वडे गार झाले. तेव्हापासून मी इतिवृत्त खरं लिहितो, आणि लिहून झालं की आधी सुरेखाताईंना दाखवतो. लाज कशाला बाळगू?

आता या बाईंची थोडी हकीकत सांगायला हवी. मूळच्या त्या दाभोळच्या. वय त्रेपन्न. सव्वीस वर्षं संसार केल्यावर परस्परसंमतीने घटस्फोट झाला आणि त्या दोन बॅगा, एक शिलाई मशीन आणि एक फ्रेम घेऊन आमच्या सोसायटीत राहायला आल्या. हॉलमध्येच शिवणाचा क्लास सुरू केला. दुपारभर चार मशिनांची घरघर चालते आणि मधूनमधून त्यांचा आवाज, "आधी माप, मग कात्री! कापलेलं परत जोडता येतं, पण दिसतं."

नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. तसं जुन्या बायकाही घेत नसत, पण त्यांची तऱ्हा वेगळी. कोर्टातल्या कागदात नवरा 'अर्जदार क्रमांक एक' होता नि या 'अर्जदार क्रमांक दोन'. तो कागद यांनी अर्थातच शब्द न् शब्द वाचलेला. तेव्हापासून, "अर्जदार एकचा फोन आलेला," "अर्जदार एकला वांगं चालायचं नाय," असं सगळं अगदी सहज. राग नाही, आकस नाही. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिसरा अर्जदार नव्हता.

ती फ्रेम त्यांनी मशीनच्या वरच लावलीय. आत देवाचं चित्र नाही की कोणाचा फोटो नाही. एक पिवळा पडलेला स्टँपपेपर आहे, शाईने लिहिलेला, आणि खाली निळा अंगठा. आम्ही सुरुवातीला समजलो जमिनीचं काहीतरी असेल. मालतीने एकदा विचारलंही. "ते होय? ते आमचं सर्टिफिकेट," म्हणाल्या, आणि काजाचं कापड हातात घेतलं. पुढे आम्ही विचारलं नाही.

त्यांच्याकडे स्पीडपोस्टाने आयकर खात्याचं पत्र आलं ते या वर्षी. घटस्फोटानंतर त्यांनी सगळ्या कार्डांवरचं नाव नि पत्ता बदलून घेतला होता, म्हणून ते बरोबर आमच्या सोसायटीत आलं. पत्र इंग्रजी. मी म्हटलं, "आणा इकडे, मी सांगतो वाचून." पोस्टातल्या माणसाला असा मोह आवरत नाही. पण त्यांनी पाकीट छातीशी धरलं. "थांबा, वाचत्ये."

शब्दकोश घेऊन त्या तीन दिवस वाचत होत्या. चौथ्या दिवशी सकाळी आमच्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, गणपतीपुळ्याला माझं लॉज आहे."

"वा! कधी घेतलंत?"

"अकरा वर्षं झाली म्हणे."

मालतीच्या हातातलं उलथनं कढईतच राहिलं.

गोष्ट अशी होती. अर्जदार एक यांनी लॉज काढलं ते बायकोच्या नावावर. लॉजचं बँकेतलं खातं तिच्या नावावर, दरवर्षी आयकराचं रिटर्न तिच्या नावावर. बाईंना त्यातलं काही माहीत नाही, आणि सह्या मात्र सगळ्या त्यांच्याच. घटस्फोट झाला, पण लॉज काही कोणी यांच्या नावावरून काढलं नाही. रिटर्न भरणारा थांबला आणि उत्पन्न मात्र यांच्या नावावर दिसत राहिलं. आता आयकर खातं विचारत होतं, बाई, एवढं उत्पन्न आहे तर रिटर्न का नाही? तीन आठवड्यांत कळवा.

"पण सह्या केल्यात कशा?" मी विचारलं. म्हणजे, सिलिंडरच्या पावतीसाठी माणसाला उभा करणारी ही बाई!

सुरेखाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "संध्याकाळच्या चहाबरोबर कागद यायचे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीची बारीक फुली. फुली तिथे सही. चहा निवायच्या आत काम झालेलं. सव्वीस वर्षं. विचारलं तर संशय घेतल्यासारखं दिसेल, असं वाटायचं मला."

मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं, कारण मालतीच्या पोस्टातल्या बचतखात्याच्या कागदांवर मी अशाच फुल्या मारत आलोय. मालतीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

संध्याकाळपर्यंत सोसायटीत तीन पक्ष पडले. पहिल्या पक्षाचं म्हणणं, अर्जदार एकनेच हा घोळ केलाय, त्याचा करसल्लागार दातार सगळं जाणतो, फीही तोच देईल, तेव्हा त्याच्याकडून उत्तर लिहून घ्यावं. मी या पक्षात होतो. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, आपला स्वतःचा माणूस बघावा, मग चार पैसे जावोत. हा मालतीचा पक्ष. तिसऱ्या पक्षाचं म्हणणं, कोणी नको, मी वाचीन आणि मीच लिहीन. त्या पक्षात एकट्या सुरेखाताई.

"फुकटचा सल्लागार मिळतोय तर घ्यावा," मी म्हटलं.

"भाऊ, मला आजवर जे मिळालं ते फुकटच मिळालं. लॉजसुद्धा."

उत्तर लिहिण्याआधी त्यांना आपलं लॉज बघायचं होतं. आम्ही तिघं आरे-वारेच्या रस्त्याने एसटीने गणपतीपुळ्याला गेलो. देवाचं दर्शन झालं, मग लॉज शोधलं. गुलाबी रंगाचं, दोन मजली, बाल्कनीत पर्यटकांचे ओले टॉवेल वाळत घातलेले. काउंटरवरच्या मॅनेजरने विचारलं, "रूम पाहिजे? एसी, नॉनएसी?"

"थांबा, वाचत्ये," म्हणून सुरेखाताईंनी भिंतीवरची नियमांची पाटी वाचायला घेतली. पाटी संपल्यावर दरपत्रक, दरपत्रक संपल्यावर आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख. ती कधीच उलटून गेली होती. मग आम्ही तीन चहा घेतले. बिल आलं. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत मालकिणीचं नाव होतं, सासरच्या आडनावाने, मागे 'सौ.' लावून. सुरेखाताईंनी ते नाव दोनदा वाचलं आणि पर्समधून पैसे काढून दिले.

"चहा पातळ आहे," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "पडदे कधी धुतलेत? आणि ते नळकांडं आजच्या आज बदला. माणसं झोपतात इथे."

"आपण कोण?" मॅनेजर जरा चिडून म्हणाला.

सुरेखाताईंनी बिल काउंटरवर ठेवलं आणि नावावर बोट ठेवलं. "या."

त्याने एकदा बिलाकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग उठून उभा राहिला. मला तो क्षण फार आवडला. परतीच्या एसटीत मालती म्हणाली, "अहो, निदान चहाचे पैसे तरी द्यायचे नव्हते." त्यावर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "नाय गो वहिनी. माझं नाव आहे, पण माझं नाय ते. चहा पिऊन झाल्यावर बिल नाकारायचं नसतं."

दोन दिवसांनी दातार आले. अर्जदार एकनेच पाठवलं होतं. गृहस्थ सज्जन दिसत होते, हातात फाइल, तोंडात गोडवा. मी सेक्रेटरी या नात्याने हजर होतो. म्हणजे, मला कोणी बोलावलं नव्हतं.

"वहिनी, काही वाचायचं-बिचायचं नाही. मी उत्तर तयार करून आणलंय. लॉज तुम्ही चालवता, आजारपणामुळे रिटर्न राहिलं, माफी असावी, एवढंच. फुल्या केल्यात. फुली तिथे सही."

सुरेखाताईंनी त्यांना चहा दिला, लाडू दिला, आणि फाइल उघडून वाचायला घेतली. दातारांचा चहा संपला, लाडू संपला, आयकर या विषयावरचं माझं बोलणंही संपलं. वाचून झाल्यावर त्यांनी मशीनच्या खणातून खोडरबर काढलं. कागदी पॅटर्नवरच्या रेघा पुसायला त्या ते वापरतात. पहिलं पान उघडलं आणि पेन्सिलीची फुली पुसली. दुसरं पान, दुसरी फुली. सावकाश, कागद चुरगळू न देता, अकराच्या अकरा फुल्या त्यांनी पुसल्या आणि रबराचा चुरा तळहाताने गोळा केला.

"आता सांगा, सही कुठे करू नि का करू?"

दातारांनी फाइल आपल्याकडे ओढली. "वहिनी, इतकी वर्षं करत आलात..."

"म्हणूनच विचारत्ये."

दातार गेले. त्यांनी खाली जाऊन लगेच फोन लावला, ते मी गॅलरीतून बघितलं. त्याच क्षणी मी पहिल्या पक्षाचा राजीनामा दिला.

मग तिसऱ्या पक्षाची सत्ता आली. माझा कॉम्प्युटर मी त्यांच्या स्वाधीन केला आणि त्या रोज सकाळी येऊन आयकराची साइट वाचू लागल्या. साइटवर एखादी चौकट यायची, 'मला सर्व अटी मान्य आहेत' अशा अर्थाची. आपण सगळे डोळे झाकून तिथे टिचकी मारतो. सुरेखाताई अटी वाचायच्या. त्या अटी वाचेपर्यंत साइट कंटाळून त्यांना बाहेर काढायची. परत आत, परत अटी. एवढं करून शिवणक्लासच्या उत्पन्नाचं स्वतःचं रिटर्न कसं भरायचं हे त्या चार दिवसांत शिकल्या, आणि मला शिकवलं. पण लॉजची गाठ त्यांच्याने सुटेना. पाचव्या दिवशी त्यांनी चष्मा काढून ठेवला. "भाऊ, ब्लाऊज मी कापीन. पण हा कोट आहे. याला शिंपी हवा."

शिंपी शोधायची त्यांची रीतही न्यारी. त्या रत्नागिरीतल्या सल्लागारांकडे स्थळ बघायला जावं तशा गेल्या, बरोबर मालती. प्रश्न काय विचारायचे ते कागदावर लिहून नेलेलं. पहिले गृहस्थ म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका, आम्ही आहोत ना." सुरेखाताई उठल्या. दुसरे म्हणाले, "ताई, हे तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही फक्त सही द्या." तिथे मालतीच आधी उठली. तिसऱ्या होत्या बोरकर मॅडम, पस्तिशीच्या, टेबलावर फायलींचा ढीग, डबा खातखातच बोलणाऱ्या. त्यांनी पत्र बघितलं आणि विचारलं, "तुम्ही हे वाचलंय?"

"तीनदा."

"चौथ्यांदा वाचून या. शेवटच्या परिच्छेदात काय विचारलंय ते मला तुमच्या शब्दांत सांगा, मग पुढे बोलू. आणि फी लागेल."

सुरेखाताई घरी आल्या त्या माहेरी जाऊन आल्यासारख्या. "ठरलं," म्हणाल्या. "ही बाई मला गृहपाठ देते."

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. पत्राच्या मुदतीतले पाच दिवस उरले होते, तेव्हा बोरकर मॅडमनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की दातारांचं उत्तर खोटं आहे, ते द्यायचं नाही. खरं लिहू. लॉज कोणी काढलं, कोण चालवतं, पैसे कोणाकडे जातात, सगळं. पण खातं विचारणार, मग सह्या तुमच्या कशा? त्याचंही उत्तर खरंच द्यायला हवं. आणि ते वाक्य मी नाही लिहिणार, तुम्ही लिहून आणा. 'मी हे कागद न वाचता सही करत होते.'

सुरेखाताई घरी आल्या आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी क्लास बंद. तिसऱ्या दिवशीही मशीनचा आवाज नाही. मालतीने बेल वाजवली, तर आतून "बरी आहे हो" एवढंच. त्या दुपारी सिलिंडरवाला धापा टाकत आमच्या दारात आला. चेहरा पांढराफटक.

"काका, जरा खाली चला. ताईंना काहीतरी झालंय."

"का, काय झालं?"

"सही दिली त्यांनी. वाचल्याशिवाय!"

त्याने पावती दाखवली. नुसतं 'सुरेखा' असं वेडंवाकडं लिहिलेलं. आम्ही तसेच खाली गेलो. दार उघडंच होतं. सुरेखाताई मशीनसमोर बसल्या होत्या, पुढ्यात कोरा कागद, पेनाचं टोपण लावलेलंच.

"नाय लिहिता येत वहिनी मला," त्या म्हणाल्या. "दंड होऊ दे, लॉज जाऊ दे. पण हे वाक्य नाय लिहिता येत."

मालती त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मी पोस्टमास्तरी शहाणपणा सुरू करणार होतो, पण तिने डोळ्यांनी मला गप्प केलं. सुरेखाताईंनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं आणि आम्ही न विचारता सांगायला लागल्या.

बाप धोंडू चोगले, दाभोळच्या बंदरातला तांडेल, मचवा म्हणजे मोठी होडी चालवणारा. समुद्र वाचता यायचा, अक्षर नाही. तरुणपणी एका व्यापाऱ्याने कर्जाचा कागद म्हणून अंगठा घेतला आणि मचव्यातली अर्धी पाती, म्हणजे भागीदारी, आपल्या नावावर करून घेतली. त्या दिवशी धोंडूने ठरवलं, की पोरगी शाळेत जाणार. बंदरावरची माणसं हसली. पोरगी गेली. चौथीत असताना मचव्याच्या डागडुजीचा करार आला. बापाने कागद समोर ठेवला. "वाच गो बाय. आदी वाच, मग आंगठा." तिने अडखळत, बोट ठेवून वाचला. तोंडी ठरलं होतं एक नि कागदात लिहिलं होतं दुसरं. बापाने कागद परत केलान्, नवा लिहून आणायला लावलान्. नवा आला. तोही तिने वाचला. मग त्याने विचारलं, "करू अंगठा?" नऊ वर्षांची पोर हो म्हणाली आणि धोंडू तांडेलाने अंगठा उठवलान्. तोच हा कागद.

"त्या दिवसापासून आमच्या घरात कागद आला, की मी वाचायचे, आणि बाबा मला विचारायचा, करू अंगठा? अख्ख्या बंदरात सांगत फिरायचा, माझी पोर वाचते. माझी पोर वाचते." सुरेखाताईंनी कोरा कागद बाजूला सारला. "माझं लग्न झालं नि दोन वर्षांत गेला तो. तोवर माझ्या सह्या सुरू झालेल्या. त्याला कळलं नाय, बरं झालं, असं मला इतकी वर्षं वाटत आलंय. आता ते वाक्य लिहायचं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं, बाबा, तुझी पोर वाचत नव्हती."

बोलली ती मालती.

"सुरेखाताई, अंगठा फसून दिला म्हणून तुमच्या बाबांनी तोंड लपवलं का? त्यांनी पोरीला शाळेत घातलं. तुम्ही सगळं रत्नागिरी वाचून काढताय. मग लाज कसली?"

सुरेखाताईंनी कोरा कागद पुढे ओढला. मग पेनाचं टोपण काढलं. आम्ही निघालो, तेव्हा सिलिंडरवाला अजून दारातच उभा होता. त्यांनी त्याला हाक मारली, पावती परत मागितली आणि म्हणाल्या, "थांबा, वाचत्ये." तो इतक्या आनंदाने थांबला, की काय सांगू.

मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी बोरकर मॅडमनी तयार केलेला कागद सुरेखाताईंनी घरी आणला होता. वाचल्याशिवाय सही नाही, त्यामुळे मॅडमच्या टेबलावर सही केली नव्हती. आम्हाला बोलावलं होतं, साक्षीला नाही, नुसतं बसायला. कागद इंग्रजी होता, पण त्या एकेक वाक्य मराठीत करून मोठ्याने सांगत होत्या. मला वाटलं आम्हाला सांगतायत. मग लक्षात आलं, की त्यांचं तोंड आमच्याकडे नव्हतं, भिंतीकडे होतं.

ते वाक्य आलं. "मी हे कागद न वाचता सही करत होते." त्या थांबल्या नाहीत. त्यापुढचं वाक्य त्यांनी स्वतः घातलेलं होतं, मॅडमनी न सांगता. "सह्या माझ्याच आहेत. जो दंड बसेल तो भरीन. यापुढची प्रत्येक सही वाचून केलेली असेल."

शेवटी खरेपणाची हमी असते, तसल्या कागदांत असते तशी. पोस्टात असताना असल्या ओळी मी हजारदा बघितल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. सुरेखाताईंनी बोट ठेवून वाचलं, अगदी शाळेतल्या मुलीसारखं. "मी, सुरेखा, धोंडू राघो चोगले यांची मुलगी..."

तिथे त्या थांबल्या. "हे दरवर्षी असायचं बघा त्या रिटर्नच्या कागदांत," हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं बाबाचं नाव होतं तिथे. फुलीच्या जरासं वरती."

मालती डोळ्यांना पदर लावत होती. मी फ्रेमकडे बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती. मला त्या बाईचा अभिमान वाटत होता, साधासुधा नाही, घरच्या माणसाचा वाटतो तसा. आमच्या या सोसायटीत ही राहते, हिने माझं खोटं इतिवृत्त पकडलं, याचाही अभिमान वाटत होता.

त्यांनी वाक्य पुरं केलं, कागद मशीनवर सपाट ठेवला, पेन हातात घेतलं. आणि त्या निळ्या अंगठ्याकडे बघून विचारलं, "बाबा, करू सही?"

एका म्हाताऱ्या तांडेलाला विचार करायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ त्या थांबल्या. मग सुरेखा धोंडू चोगले अशी सगळी अक्षरं, काना-मात्रेसकट, त्यांनी लिहिली. कागदावर कुठे फुली नव्हती. सही बरोबर जागेवर आली होती.